नखाने दाबलेलं कलम

बोरखडी, ता. शेवगाव
९ जून २०२४

सुके,

तू नोकरीवर रुजू झालीस हे मला गहिनीनाथ सरांच्या फोनवरून कळलं. तुझ्याकडून कळायला हवं होतं. नगरच्या अंधशाळेत आठ वर्षं खाटेला खाट लावून झोपलो आपण, आणि बातमी द्यायला सर. असू दे. अभिनंदन. हा शब्द लिहिताना ब्रेलचा स्टायलस जरा जोरातच टोचला गेलाय, कागदाला भोक पडलं असेल तर समजून घे.

आता खरं लिहिते, कारण खोटं लिहिलं तर तू ओळखशीलच. मला लई वाईट वाटलं. अख्ख्या जिल्ह्यात अंधांसाठी लिपिकाची एक जागा, परीक्षेला आपण अकरा जण, आणि तू माझ्यापुढे गेलीस एका मार्काने. शाळेत पहिला नंबर कुणाचा असायचा? तुझ्याकडून पाढे कोण घोकून घ्यायचं? आता निवड यादीत तू आणि प्रतीक्षा यादीत पहिली मी. वर्षाच्या आत, म्हणजे येत्या १९ मार्चपर्यंत, तुझी जागा काही कारणाने रिकामी झाली तर मला बोलावणार, नाहीतर यादी रद्द. अब्बांनी ती तारीख पाठ केलीय. मी म्हटलं, अब्बा, असं कुणाच्या वाईटावर टपून बसू नये. ते म्हणाले, मी कुठं टपलोय, तारीखच तर सांगतोय.

मलाही कायद्याने काहीतरी दिलंय बरं का. आमच्या ग्रामपंचायतीत दिव्यांगांसाठी पाच टक्के निधी असतो. त्यातून मी बोलणारा कॉम्प्युटर मागितला होता. ग्रामसेवकांनी अर्ज घेतला, छान म्हणाले, आणि गावातल्या सगळ्या दिव्यांगांना जी घरघंटी दिली तीच मलाही दिली. ज्याला पाय नाही त्यालाही घरघंटी, जिला डोळे नाहीत तिलाही घरघंटी. आता गल्लीचं दळण दळते आणि दळता दळता मोबाईलवर कायदा ऐकते. दिव्यांग हक्क कायदा, सन दोन हजार सोळा. परीक्षेसाठी पाठ केला, आता सुटत नाही.

पत्र ब्रेलमध्येच लिहीत जा. फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, आणि तुला जे बोलायचंय ते मला घरभर नकोय. पाकिटावर ‘अंध साहित्य’ लिहिलं की तिकीट लागत नाही. पाकीट उघडं ठेवायची अट आहे, पण ठिपके कोण वाचणार.

एक सांग. तुला ऑफिसात बोलणारा कॉम्प्युटर दिला का? कसा बोलतो? सगळं लिही. जळायचंच आहे तर नीट माहिती घेऊन जळते.

मेहताब

---

संगमनेर
२ जुलै २०२४

प्रिय मेहताब,

रागावलीस ते बरोबरच आहे. फोन हातात घेतला होता तीनदा. काय बोलले असते? ‘मला मिळाली’ म्हणाले असते तर मिरवल्यासारखं झालं असतं, आणि ‘तुला मिळायला हवी होती’ म्हणाले असते तर ते तुला खरं वाटलं नसतं. म्हणून सरांना सांगितलं.

इथं सगळं छान आहे. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, माझं टेबल खिडकीजवळ. वारा मस्त येतो. साहेब चांगले आहेत, मोठे बाबूही चांगले. पुंजाराम म्हणून शिपाई आहेत, ते रोज जिन्यापासून टेबलापर्यंत सोडतात, चहा आणून देतात. कॉम्प्युटर दिलाय. बोलतो. मराठी वाचतो. साहेबांनी स्वतः लक्ष घालून दिला.

आई पंधरा दिवस राहिली माझ्याजवळ. आता भाताच्या लावणीला अकोले तालुक्यातल्या आमच्या गावी परत गेली. खोली घेतलीय एक, घरमालकीण बरी आहे. संध्याकाळी मात्र करमत नाही.

घरघंटीचं वाचून हसू आलं आणि मग लाज वाटली हसल्याची. तू बरी आहेस ना?

तुझी सुकन्या

---

बोरखडी
२४ जुलै २०२४

सुके,

तुझं पत्र म्हणजे साखर कारखान्याचा अहवाल झाला. सगळे चांगले, सगळं छान. शाळेत तुला आमटी आवडली नाही की तू तिला ‘छान’ म्हणायचीस, ते मी विसरलेली नाही.

बरं, कॉम्प्युटरबद्दल एवढंच? आवाज बाईचा की माणसाचा? वेग किती ठेवतेस? सुरुवातीला हळू ठेवतात, मग कान तयार झाला की वाढवत नेतात, एवढं तर मलाही माहीत आहे. जोडाक्षरं नीट म्हणतो का? ‘क्षेत्रफळ’ म्हणतो का ‘केशेत्रफळ’? रात्री पडल्या पडल्या मी तो आवाज ऐकायचा प्रयत्न करते. खरं सांगते. माझ्या मनात तो बाईचा आहे, जरा खर्जातला, आणि मला ‘मॅडम’ म्हणतो. मग आठवतं की तो तुला म्हणत असणार, आणि झोप जाते.

आणखी एक. साहेबांचे एवढे गोडवे गाऊ नकोस. त्यांनी काही घरून आणून दिला नाही. कायद्याने द्यावंच लागतं. आपल्याला काही मिळालं की आपण लगेच पाया पडायला वाकतो, ही सवय शाळेतलीच. देणगीदार आले की टाळ्या वाजवायला उभं करायचे, आठवतं? मी नसते वाकले. मी खुर्चीत बसून ‘ठीक आहे’ म्हटलं असतं. त्या टेबलावर मी शोभले असते ग. तुला राग आला तर येऊ दे.

आज एक बाई बाजरी घेऊन आली आणि म्हणाली, ‘तुजी ती मैत्रीन साहेबीन झाली म्हनं.’ मी पीठ जाड काढून दिलं.

मेहताब

---

संगमनेर
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय मेहताब,

आवाज बाईचा की माणसाचा ते मला माहीत नाही. कॉम्प्युटर नाहीच. मागच्या पत्रात लिहिलं ते सगळं खोटं होतं. टेबल पण नाही. पाण्याच्या मशीनशेजारी एक खुर्ची आहे, तिच्यावर मी साडेनऊ ते सव्वासहा बसते. पहिल्या दिवशी मोठे बाबू म्हणाले, ‘तुम्ही बसा निवांत, तुम्हाला कोण काम सांगतंय.’ त्यांना वाटलं मला बरं वाटेल. दुपारी चार-पाच कागद येतात, त्यांच्यावर गोल शिक्का मारते. शिक्का सरळ पडला का तिरका, ते पुंजारामकाका सांगतात. लोक पाणी प्यायला येतात, मी आहे म्हणून गप्पा मारायचं थांबतात. पगार येतो, आणि तो घेताना मला चोरी केल्यासारखं वाटतं.

मी तुला खोटं का लिहिलं? कारण तू वाचून म्हणाली असतीस, ही जागा माझी होती, मी असते तर. आणि ते खरं आहे.

मी काहीच केलं नाही असं नाही. तू लिहिलंस ना, द्यावंच लागतं, ते वाचून जुलैअखेर अर्ज दिला. कामाला लागणाऱ्या सोयीला शाळेत एक पाहुणे भाषणात म्हणाले होते तो इंग्रजी शब्द माझ्या लक्षात होता, म्हणून अर्जात लिहून घेतलं की मला ‘रिझनेबल अकोमोडेशन’ मिळावं. महिन्याभरानं उत्तर आलं. पुंजारामकाकांनी अडखळत वाचून दाखवलं. ‘सध्या एकही शासकीय निवासस्थान रिकामे नाही. आपले नाव प्रतीक्षा यादीत चौदाव्या क्रमांकावर घेण्यात आले आहे.’ मोठ्या बाबूंनी अकोमोडेशन म्हणजे क्वार्टर धरलं. मी त्यांना सांगायला गेले की मला घर नको, मशीन पाहिजे. ते म्हणाले, ‘मॅडम, अर्जात अकोमोडेशन लिहिलंय. आणि मशीन द्यायचं कुठल्या कलमात आहे ते दाखवा, मी आज देतो.’ ते चेष्टा नव्हते करत, खरंच विचारत होते. मला कलम माहीत नव्हतं. तुझ्यासारखं माझ्या लक्षात राहत नाही.

म्हणून विचारते. तुला कायदा पाठ आहे. कामावर असलेल्या माणसाला असं साधन द्यावं लागतं, हे कुठल्या कलमात आहे? असेल तर तेवढा आकडा लिही, मी भांडून बघते. नसेल तर स्पष्ट लिही. मग मी दिवाळीआधी राजीनामा देते. मार्चच्या आत दिला की जागा तुला मिळेल. तू भांडशील, मला भांडता येत नाही. रोज सकाळी जिना चढताना पाय जड होतात.

तुझ्या पत्राची वाट बघते.

सुकन्या

---

बोरखडी
२८ सप्टेंबर २०२४

सुके,

तुझं पत्र तीनदा वाचलं. क्वार्टरचं वाचून आधी हसले, मग नाही हसले. आठ तास पाण्याच्या मशीनजवळ बसायचं म्हणजे काय असतं याचा अंदाज आहे मला. मी घरात तेच करते, फक्त माझं मशीन पिठाचं आहे.

कलमाचं विचारलंस. मी पुन्हा सगळा कायदा ऐकला. ‘द्यावंच लागतं’ हे मी जुलैत घाईत लिहिलं होतं. कायद्यात शब्द मोठे मोठे आहेत, पण नोकरी लागेपर्यंतचे. आरक्षण, वयाची सूट, परीक्षेत लेखनिक. नोकरी लागल्यावर साधन द्यायचं का नाही हे ऑफिसच्या ऐपतीवर ठेवलंय. तसं नेमकं कलम नाही. मोठे बाबू म्हणतात त्यात तथ्य आहे. या पानावर एका ओळीत दोन-चार शब्द चुकले होते, ते दाबलेत, बोट अडलं तर पुढं सरक.

तू स्वतःला त्रास करून घेऊ नकोस. तू पहिल्यापासून नाजूक, तुला ताप लगेच भरतो. ज्या जागी माणसाला किंमत नाही तिथं पगारासाठी बसून राहायचं, हे तुझ्या स्वभावात नाही. आई तिकडं एकटी आहे, तिलाही आधार होईल. राजीनामा द्यायचा तर लेखी दे, पोच घे, तारीख टाकायला विसरू नकोस. मार्चचं काही मनात आणू नकोस, ते आपोआप होईल.

तुझ्या जिवापेक्षा काही मोठं नाही.

मेहताब

---

बोरखडी
८ डिसेंबर २०२४

सुके,

दिवाळी होऊन महिना गेला. तुझं पत्र नाही. मी दोन महिन्यांत पोस्टमनची सायकल ओळखायला शिकले, तिची चेन कुरकुरते.

मला जिल्ह्याच्या ऑफिसातून काहीच आलं नाही. म्हणजे तू राजीनामा दिला नाहीस, किंवा दिलास आणि तिकडं कुणी दाबून ठेवलाय. यापैकी काय ते कळव. अब्बांनी मला दोन ड्रेस शिवून घेतलेत, ऑफिसला घालायचे म्हणून. मी नको म्हणत होते. नको कशाला म्हणू, मीच कापड निवडलं, हात लावून लावून.

काल गहिनीनाथ सरांचा फोन होता. म्हणाले, ‘सुकन्येचं अकोमोडेशनचं काम झालं, लई खूश हाय ती.’ म्हणजे क्वार्टर मिळालं तुला. चौदाव्या नंबरवरून पहिली कशी झालीस ते तूच जाण. नोकरी तुला, पगार तुला, आता सरकारी घरपण तुला. मग कशाला सोडशील? मला म्हणायचं, जागा तुला देते, आणि इकडं किल्ली घ्यायची. माझ्या तोंडाला पानं पुसलीस. दुसरं कुणी असतं तर एवढं लागलं नसतं.

घरात बसून शिक्के मारायला बरं पडेल आता.

मेहताब

---

संगमनेर
१२ जानेवारी २०२५

प्रिय मेहताब,

कायदा पाठ असलेल्या बाईने मोठ्या बाबूंचीच चूक केली. अकोमोडेशन म्हणजे क्वार्टर नव्हे, हे मी तुला सांगावं असा दिवस येईल असं वाटलं नव्हतं. घर नाही मिळालं. कॉम्प्युटर मिळाला. दोन डिसेंबरला.

तुझं सप्टेंबरचं पत्र मला तीन ऑक्टोबरला मिळालं. राजीनामा लिहून घेतलेला होता, पर्समध्येच होता. जिन्यात उभी राहून वाचत होते. दुसऱ्या पानावर तू म्हणालीस तसं बोट अडलं. तू म्हणालीस पुढं सरक, पण बोट सरकेना. तू ठिपके नखाने दाबलेस, पण जाड कागद पुरता सपाट होत नाही ग. डोळ्यांना दिसलं नसतं, बोटाला लागलं. ‘द्यावंच लागतं. कलम वीस.’ आणि त्याच्या खालच्याच ओळीत, ‘तसं नेमकं कलम नाही.’

मी त्या ओळीवरून पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. पुंजारामकाकांनी येऊन विचारलं, ‘म्याडम, घरी कुनाला काय झालं का?’

रात्री मोबाईलवर कलम वीस ऐकलं. सरकारी ऑफिसने आपल्या दिव्यांग कर्मचाऱ्याला वाजवी सोय द्यावी, असं साफ लिहिलंय. मग तेवीस ऐकलं. प्रत्येक सरकारी ऑफिसात आमची तक्रार ऐकायला एक अधिकारी नेमायचा, आणि त्याने दोन आठवड्यांत चौकशी करायची. आमच्या ऑफिसचे तसले अधिकारी दोन वर्षांपूर्वीच बदलून गेले होते, त्यांच्या जागी कुणी नव्हतं. मी लेखी तक्रार दिल्यावर दिवाळीनंतर नवे नेमले. त्यांच्यासमोर मी, साहेब आणि मोठे बाबू. मोठे बाबू म्हणाले, ‘मॅडमना क्वार्टरचं उत्तर दिलंय की.’ मी म्हटलं, कलम वीस वाचा. त्यांनी मोठ्याने वाचलं, मग पुन्हा हळू वाचलं. म्हणाले, ‘आयला, हे घराचं नाहीच.’ मग विचारलं, तुम्हाला नक्की पाहिजे काय? मी म्हटलं, एक कॉम्प्युटर, वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, ते तर फुकट मिळतं, एक हेडफोन आणि कागद वाचणारा स्कॅनर. ते म्हणाले, ‘एवढंच होतं तर आधी मराठीत सांगायचं.’ माणूस वाईट नाही. आता आवक-जावक माझ्याकडं आहे. मागच्या आठवड्यात एका शेतकऱ्याची हरवलेली फाईल मी शोधून दिली.

आवाज बाईचा आहे. ‘क्षेत्रफळ’ नीट म्हणते, ‘ज्ञानेश्वर’ला अडते.

मी तीन महिने लिहिलं नाही, कारण काय लिहावं कळत नव्हतं. मग मला वाटलं, तू मुद्दाम ठेवलंस ते. लपवायचंच असतं तर तू पान फाडून दुसरं घेतलं असतंस. तुझ्या तोंडाने सांगवेना, म्हणून माझ्या बोटाला सांगितलंस. तसंच ना?

आणखी एक सांगते. त्या दिवशी तक्रार मांडताना मी तुझ्यासारखी बोलत होते. तुझे शब्द, तुझा ठसका. शाळेत मला तुझा हेवा वाटायचा, सगळ्या मुली तुझ्याभोवती असायच्या आणि मी तुझी पेटी सांभाळायचे. अजून वाटतो. जागा माझी आहे, पण तिथं बसून भांडायला मला तूच लागलीस.

सुकन्या

---

बोरखडी
२० मार्च २०२५

सुकन्या,

काल यादी रद्द झाली. म्हणून आज लिहिते. कालपर्यंत काही लिहिलं असतं तरी त्यात आशा असती, आणि तू ती ओळखली असतीस. काल संध्याकाळी अब्बांनी माझे दोन ड्रेस ट्रंकेत ठेवले. कुलपाचा आवाज मी ऐकला.

मला चांगली करू नकोस. मी मुद्दाम ठेवलं नव्हतं. कागद संपला होता. तेवढीच चार पानं घरात होती. लिहायला बसले तेव्हा मला खरंच खरं लिहायचं होतं, आणि लिहिलंही. ‘द्यावंच लागतं. कलम वीस.’ तिथं थांबले. मग मला तुझं टेबल दिसलं. नसलेलं टेबल, तू पहिल्या पत्रात लिहिलेलं, खिडकीजवळचं. त्यावर तू बसलेली. पान उलटं केलं आणि नखाने दाबलं. ठिपका ठिपका दाबला. दुसरा कागद असता तर मी तो घेतला असता आणि तुला कधीच कळलं नसतं. तू आज अकोल्यात भात कांडत असतीस आणि मी तुझ्या जागेवर बसून तुला प्रेमाची पत्रं लिहीत असते. मी तशी आहे. हे तुला माहीत असलेलं बरं.

‘तू नाजूक, तुला ताप भरतो’ हे लिहिताना मला लाज वाटली नाही. पाकीट देऊन घरी आले तेव्हा भूक लागली, दोन भाकरी खाल्ल्या. लाज डिसेंबरपासून वाटायला लागली, ती पण तू राजीनामा दिला नाहीस म्हणून चिडले होते त्यातूनच. माझी लाजसुद्धा सरळ नाही.

जानेवारीत तुझं पत्र आलं. तुला कॉम्प्युटर मिळाला, तो माझ्या कलमाने मिळाला, आणि माझ्याकडं घरघंटी. मी त्या रात्री रडले, पण तुला वाटतं तशी नाही. मला वाटलं, माझ्याच तोंडातला घास मी स्वतः दाबून बारीक करून तुला भरवला. आणि तरी, मोठे बाबू ‘आयला’ म्हणाले ते वाचून मी मोठ्याने हसले. अम्मी घाबरून आली. दोन्ही खरं आहे.

जळणं गेलेलं नाही. आवाज बाईचा आहे हे वाचल्यावर तर वाढलं.

एक मागते. नाही म्हणालीस तर राग नाही. ४ एप्रिलला शुक्रवार आहे. मी श्रीरामपूरला गाडी बदलून दुपारपर्यंत येते. ऑफिस सुटायच्या वेळी मला तुझ्या जागेवर बसू दे. दहा मिनिटं. हेडफोन लावून. त्या वेळात तू शेजारी थांबू नकोस, माझ्याशी बोलू नकोस, कसं वाटलं ते नंतरही विचारू नकोस. एकदा त्या बाईने माझ्याशी बोलावं एवढंच पाहिजे. मग मी जाते.

मेहताब

---

संगमनेर
२७ मार्च २०२५

प्रिय मेहताब,

कागद संपला होता हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ते पत्र तू कॅलेंडरच्या पानांवर लिहिलं होतंस. मागचा गुळगुळीतपणा हाताला कळतो, आणि शेवटच्या पानाला वर खिळ्याचं भोकही होतं. ज्याच्या घरात कागद असतो तो कॅलेंडर फाडत नाही.

तू मुद्दाम ठेवलंस असं मला कधी वाटलंच नाही. तसं लिहिलं, कारण खरं लिहिलं असतं तर आपलं पत्र बंद झालं असतं. नोकरी मिळाली, मशीन मिळालं, आणि संध्याकाळी खोलीवर जाऊन सांगायचं कुणाला? रागावले होते, अजूनही आहे. तीन महिने रागावून बघितलं, जमलं नाही.

शुक्रवारी ये. मोठ्या बाबूंना सांगून ठेवलंय, माझी मैत्रीण येणार, तिलाच हे कलम पाठ होतं. त्यांना तुला भेटायचंय, त्यांच्याशी भांडू नकोस. आवाजाचा वेग मी तुझ्यासाठी कमी करून ठेवणार नाही, तुझा कान माझ्यापेक्षा तयार आहे, ते मला सहन करावंच लागेल.

दहा मिनिटं नाही, अर्धा तास बस. मी जिन्यात थांबते.

सुकन्या